कर्करोगाची जनुके: कोंबडीच्या गाठीपासून तपासणीच्या अहवालापर्यंत

गाठीच्या तपासणीचा अहवाल पूर्वी अर्ध्या पानात संपायचा. गाठ कुठल्या अवयवातली, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात, आजार कितपत आक्रमक वाटतो, एवढाच मजकूर. आता त्याला काही पानांची जनुकीय पुरवणी जोडलेली असते. फुप्फुसाची गाठ असेल तर केरास किंवा ईजीएफआर, स्तनाची असेल तर हर-२, आणि जवळजवळ कुठलीही असली तरी पी५३. रुग्णाचे नातेवाईक ही पाने उलटतात तेव्हा त्यांच्या मनात तीन प्रश्न असतात. आजार या जनुकामुळे झाला का? तो पुढे कसा वागेल? त्यावर औषध आहे का? अहवालात एकाच ओळीत जनुकाचे नाव छापलेले असल्यामुळे तिन्ही उत्तरेही एकाच वेळी मिळाली असावीत असे वाटते. प्रत्यक्षात ही उत्तरे बऱ्याच जनुकांच्या बाबतीत दशकांच्या अंतराने आली, आणि काहींच्या बाबतीत ती एकमेकांशी जुळतही नाहीत.

सुरुवात माणसापासून झाली नाही. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांच्याकडे एका शेतकऱ्याने प्लायमाउथ रॉक जातीची कोंबडी आणली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. राउस यांनी ती गाठ वाटली आणि तिचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात एकही पेशी, एकही जिवाणू उरू नये. तो अर्क त्यांनी दुसऱ्या कोंबड्यांना टोचला. त्यांनाही तशाच गाठी आल्या. १९११ मध्ये हे प्रसिद्ध झाले, पण फारसे कुणी मनावर घेतले नाही. कोंबड्यांचे कोंबड्यांपाशी, माणसाचा कॅन्सर काही लागट नाही, असा एकंदर सूर होता. राउस यांना नोबेल मिळाले ते थेट १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. गंमत अशी की नोबेलच्या व्याख्यानातही त्यांनी, शरीरातल्या पेशींची जनुके बदलल्यामुळे कर्करोग होतो, ही कल्पना फेटाळून लावली. पुढच्या दहा वर्षांत ती कल्पना उचलून धरली गेली ती नेमकी त्यांच्याच कोंबडीच्या विषाणूमुळे.

त्या विषाणूचे काही बिघडलेले प्रकार १९७० च्या सुमारास हाती आले. एक प्रकार असा होता की तापमान वाढवले तरी विषाणू वाढत राही, पण पेशी मात्र कर्करोगी वागणे सोडून देत. याचा अर्थ विषाणूचे वाढणे आणि त्याचे कर्करोग घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दुसऱ्या काही प्रकारांत विषाणूच्या जनुकीय साहित्याचा एक तुकडाच गायब होता, आणि त्यांना गाठ आणता येत नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल बिशप आणि हॅरोल्ड व्हारमस यांच्या गटाने पूर्ण विषाणूतून हा अपुरा विषाणू वजा केला. जो उरला तो नेमका गाठ आणणारा तुकडा. त्याला नाव पडले सार्क. या तुकड्याची किरणोत्सारी खूण लावलेली प्रत घेऊन त्यांनी तिचा जोडीदार कुठे सापडतो ते शोधले. तो निरोगी कोंबडीच्या डीएनएत सापडला. मग लाव्यात, टर्कीत, बदकात. उत्क्रांतीच्या वाटेवर कोंबडीपासून फार पूर्वी फुटलेल्या इमूतही, जरा ढिला का होईना, तो जुळला.

१९७६ च्या या शोधनिबंधाने उलटा हिशेब मांडला. सार्क मूळचे विषाणूचे नव्हते. विषाणूने ते केव्हातरी कोंबडीच्या पेशीतून उचलले होते. म्हणजे गाठ आणणारे जनुक बाहेरून घुसलेले नाही. ते पेशीच्या घरचेच, कोट्यवधी वर्षे जपलेले, वाढीच्या नेहमीच्या कामाचे जनुक आहे आणि बिघडले की घात करते. १९८९ चे नोबेल बिशप आणि व्हारमस या दोघांना मिळाले. प्रयोगांचा मोठा भार ज्यांनी उचलला त्या फ्रेंच संशोधक डॉमिनिक स्टेहेलां यांना वगळले गेले. त्यांनी जाहीर निषेध केला, उपयोग झाला नाही. निबंधावर त्यांचे नाव पहिले आहे, एवढे इथे नमूद करायला हवे.

दुसरी वाट गुणसूत्रांची होती. समुद्री साळूच्या अंड्यांवर काम करणाऱ्या थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्येच म्हटले होते की घातक गाठीचे मूळ गुणसूत्रांच्या चुकलेल्या वाटणीत असावे. सिद्ध करायला साधने नव्हती. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना एका प्रकारच्या दीर्घकालीन रक्तकर्करोगात नेहमी एक आखूड गुणसूत्र दिसले. आखूड झालेला भाग गेला कुठे, हे शिकागोच्या जेनेट रौली यांनी शोधले. गुणसूत्रांचे फोटो कातरून त्या घरी जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत बसत. आई कागदाच्या बाहुल्यांशी खेळते म्हणून मुले चिडवायची. १९७३ मध्ये त्यांनी दाखवले की २२ व्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, ९ व्याशी त्याची अदलाबदल झाली आहे. या सांध्यावर दोन जनुके चिकटून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते, आणि त्यापासून बनणारे प्रथिन पेशीला वाढीचा हुकूम न थांबता देत राहते.

१९८२ मध्ये सगळ्यात थक्क करणारा पुरावा आला. मूत्राशयाच्या कर्करोगातून वेगळे केलेले रास कुळातले एक जनुक आणि निरोगी पेशीतले तेच जनुक शेजारी ठेवून वाचले, तर फरक डीएनएतल्या एका अक्षराचा निघाला. जी च्या जागी टी. त्यामुळे प्रथिनातल्या बाराव्या स्थानी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन आले. ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल (प्रथिन ज्या घटकांचे बनते त्यांपैकी एक), त्याला बाजूला फांदीच नसते. रास प्रथिन एखाद्या बटणासारखे असते. संदेश आला की चालू होते आणि मग स्वतःच बंद होते. व्हॅलिनची फांदी बंद होण्याच्या नेमक्या जागी आडवी येते आणि बटण चालूच राहते. एवढ्याशा बदलावर पेशीचे वळण बदलू शकते, हे तोवर कुणी इतक्या उघडपणे दाखवले नव्हते.

ही सगळी जनुके गती वाढवणारी. गती रोखणाऱ्या जनुकांचा माग वेगळ्या रीतीने लागला. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या ४८ मुलांच्या नोंदी घेऊन कुठल्या वयात किती मुलांना आजार झाला, याचे आलेख काढले. आनुवंशिक प्रकारात गाठ लवकर आणि अनेकदा दोन्ही डोळ्यांत येते, दुसऱ्या प्रकारात उशिरा आणि एकाच डोळ्यात. नुडसन यांचा निष्कर्ष होता की दोन घाव, म्हणजे जनुकातले दोन बिघाड, लागतात, आणि आनुवंशिक प्रकारात एक घाव जन्मतःच बसलेला असतो. ते जनुक १९८६ मध्ये हाती आले. पी५३ ची कथा याहून वाकडी. १९७९ मध्ये सापडलेले हे जनुक दहा वर्षे गाठ वाढवणारे म्हणूनच शिकवले जात होते, कारण प्रयोगांत वापरल्या गेलेल्या त्याच्या प्रती कर्करोगी पेशींतून आलेल्या, म्हणजे आधीच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये कळले की ते पहारेकरी आहे. ढोबळमानाने निम्म्या कर्करोगांत हा पहारेकरी निकामी झालेला आढळतो, आणि अजूनही त्याला पुन्हा कामावर लावणारे औषध नेहमीच्या वापरात आलेले नाही.

आजाराची पुढची चाल सांगण्यासाठी जनुकांचा वापर १९८० च्या दशकात सुरू झाला. लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या चेतापेशींच्या कर्करोगात एन-मिक जनुकाच्या जादा प्रती दिसल्या तर आजार आक्रमक असतो, हे १९८४-८५ मध्येच स्पष्ट झाले. ती खूण आजही वाईटच मानली जाते. तिच्यामुळे उपचार अधिक कडक केले जातात, पण थेट त्या प्रथिनावर चालणारे औषध नाही. हर-२ चे नशीब निराळे. १९८७ मध्ये डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या १८९ गाठी तपासल्या. सुमारे ३० टक्के गाठींत हर-२ च्या जादा प्रती होत्या, आणि त्या स्त्रियांचा आजार लवकर उलटत होता. तेव्हा हर-२ पॉझिटिव्ह म्हणजे वाईट बातमी. मात्र हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असते, त्यामुळे बाहेरून प्रतिपिंडाने पकडता येते. असे प्रतिपिंड असलेले ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. २००५ च्या चाचण्यांत शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीच्या जोडीला ते दिल्यावर आजार परतण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. जनुक तेच, त्याच्या जादा प्रतीही त्याच. पण त्यावरून काढायचा अर्थ बदलला, कारण मध्ये औषध आले. म्हणूनच एखादे जनुक ‘वाईट’ आहे असे कुणी सांगितले की ते कुठल्या सालातले मत आहे, हे मला आधी विचारावेसे वाटते.

बीसीआर-एबीएल वर ब्रायन ड्रुकर आणि निक लायडन यांच्या खटपटीतून इमॅटिनिब हे औषध आले. पहिल्या चाचणीत दीर्घकालीन टप्प्यातल्या ज्या ५४ रुग्णांना पुरेशी मात्रा मिळाली, त्यांतल्या ५३ जणांचे रक्तकण पूर्वपदावर आले. मे २००१ मध्ये गोळीला मंजुरी मिळाली. सगळेच आता याच वाटेने जाईल असे वाटू लागले होते, पण त्याच वर्षी औषधाला दाद न देणाऱ्या पेशी वर्णन केल्या गेल्या. गोळी ज्या खाचेत बसते, तिथलेच एक अमिनो आम्ल त्यांनी बदलले होते. तसेही हा रक्तकर्करोग अपवादच होता. सुरुवातीच्या टप्प्यात तो एकाच बिघाडावर उभा असतो. बहुतेक घट्ट गाठी अनेक बिघाडांच्या बेरजेतून, वर्षानुवर्षांत तयार होतात.

फुप्फुसात तर क्रमच उलटा झाला. पेशीला वाढीचा संदेश देणारे ईजीएफआर प्रथिन रोखणारे गेफिटिनिब हे औषध आधी बाजारात आले. थोड्याच रुग्णांना त्याचा झपाट्याने गुण येई, बाकीच्यांना अजिबात नाही. कारण २००४ मध्ये कळले. गुण आलेल्यांच्या गाठींत ईजीएफआर मध्येच ठरावीक बदल होते. औषध आधी आणि ते कुणाला द्यायचे हे नंतर, असा तो प्रकार.

बीराफ या जनुकातल्या व्ही६००ई नावाच्या बदलाने अवयवाचे महत्त्व शिकवले. हा बदल २००२ मध्ये सापडला, आणि त्यावरच्या वेमुराफेनिब या गोळीने मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या गाठी आकसल्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात बदल हुबेहूब तोच, पण गोळीचा असर नगण्य. आतड्याच्या पेशीत बीराफ दाबले की ईजीएफआर उसळी घेते आणि संदेश दुसऱ्या वाटेने पुन्हा सुरू होतो. हे २०१२ मध्ये उलगडले, आणि मग दोन्ही वाटा एकदम बंद करणारी जोड औषधे आली.

आणि रास? एका अक्षराचा तो फरक सापडला १९८२ मध्ये, आणि पहिले थेट औषध मंजूर झाले २०२१ मध्ये. मधल्या काळात ‘याच्यावर औषध होणे नाही’ हे जवळपास पाठ्यपुस्तकी वाक्य झाले होते, कारण प्रथिनाचा पृष्ठभाग गुळगुळीत, औषधाच्या रेणूला पकडायला खाच नाही. २०१३ मध्ये केव्हन शोकॅट यांच्या गटाने रास कुळातल्याच केरासच्या जी१२सी या प्रकाराजवळ एक दडलेली खाच दाखवली. या प्रकारात बाराव्या स्थानी सिस्टीन येते आणि त्यातल्या गंधकाला औषध कायमचे चिकटवता येते. २०२१ चे ते औषध, सोटोरासिब, त्यातूनच आले. मूत्राशयातल्या त्या मूळ व्हॅलिनला असे गंधक नाही, त्यामुळे त्याच्यावर ही युक्ती चालत नाही.

जनुकांची यादी वाढतच गेली. गाठीत हजारो बदल असतात. त्यातले बहुतेक नुसते प्रवासी असतात, गाडी हाकणारे मोजके. बर्ट व्होगेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अशी १३८ चालक जनुके मोजली आणि नेहमीच्या गाठीत त्यातली दोन ते आठ बिघडलेली असतात असा अंदाज दिला. मग निरोगी ऊतींचे वाचन सुरू झाले आणि चालक या शब्दालाच धक्का बसला. २०१८ मध्ये निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात नॉच१ या चालक जनुकाचे बदल अन्ननलिकेच्या कर्करोगापेक्षाही जास्त प्रमाणात आढळले. पेशींच्या चढाओढीत ते बदल जिंकत होते, पण गाठ करत नव्हते.

हा घोळ आता रक्तावरून होणाऱ्या तपासण्यांतही येतो. वय वाढते तशा रक्तपेशींच्याही काही वंशावळी बदल घेऊन फोफावतात, कधी पी५३ चाही बदल घेऊन. रक्तात तरंगणाऱ्या डीएनएत असा बदल सापडला तर तो गाठीतून आला की पांढऱ्या पेशींतून, हे त्या डीएनएकडे नुसते पाहून सांगता येत नाही. त्यासाठी त्याच नळीतल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांचाही डीएनए वाचावा लागतो, आणि दोन्हीकडे असलेला बदल गाठीच्या खात्यातून वजा करावा लागतो.