उच्चदाब वाहिनीचा आराखडा: आजच्या नियमांमागची पार्श्वभूमी

1882 मध्ये जर्मनीत मीसबाख ते म्युनिक, म्हणजे 57 किलोमीटर, साध्या तारायंत्राच्या तारेतून एकदिश (डीसी) वीज नेली गेली. दाब दोन हजार व्होल्टच्या आत-बाहेर होता, आणि निम्म्याहून बरीच जास्त वीज वाटेतच गेली. तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दाब दुप्पट केला की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह निम्मा आणि तोटा पाव होतो. किती मेगावॉट किती लांब न्यायचे यावरून आधी व्होल्टेज ठरवतात, ते म्हणूनच.

1891 ची लाउफेन–फ्रँकफुर्ट वाहिनी 175 किलोमीटरची, 15,000 व्होल्टची, तीन फेजची (म्हणजे तीन तारांतून पाठोपाठ चढउतार करणाऱ्या एसी विजेची). सुमारे 75 टक्के वीज पोचली आणि दिशा पक्की झाली. ही वाहिनी चार जर्मन राज्यांतून गेली होती. परवानग्यांची डोकेदुखी आजची नाही.

नंतर गाडी अडली इन्सुलेटरपाशी, म्हणजे तारेची वीज खांबात उतरू न देणाऱ्या आधारापाशी. खांबावर उभे बसवायचे पिन इन्सुलेटर 60-70 किलोव्होल्टच्या पुढे अवजड आणि ठिसूळ होऊ लागले. 1907 मध्ये ह्यूलेट आणि बक या अमेरिकन अभियंत्यांनी इन्सुलेटर चकत्यांची लोंबती माळ आणली: दाब वाढला, चकत्या वाढवा. 1912 मध्ये जर्मनीतली लाउखहामर–रीझा वाहिनी 110 किलोव्होल्टवर चालू झाली. मग करोना नावाची विजेची गळती आडवी आली. बारीक तारेलगतची हवा विद्युतदाबाने फुटते, तार सूं-सूं करते, पावसात तर जास्तच, आणि वीज हवेत जाते. त्यामुळे अतिउच्चदाबाला तारेची जाडी नुसत्या प्रवाहावरून ठरवता येत नाही. एका फेजला दोन किंवा चार तारा काही अंतर राखून लावाव्या लागतात.

खरी फसगत होते ती झोळात, म्हणजे दोन मनोऱ्यांमध्ये तार जितकी खाली लोंबते त्यात. 400 मीटरचा गाळा (दोन मनोऱ्यांमधलं अंतर), मीटरला 1.6 किलो वजनाची तार आणि 3,200 किलोचा ताण धरला तर झोळ 10 मीटर येतो. ताण तोच ठेवून गाळा 450 केला की 12.7. शिवाय भार वाढला की तार तापते, लांबते, आणखी खाली येते. म्हणून जमिनीपासूनचं अंतर तार ओढतानाच्या नव्हे, कमाल तापमानाच्या झोळावर मोजायचं. 14 ऑगस्ट 2003 रोजी ओहायोत 345 किलोव्होल्टच्या वाहिन्या क्षमतेच्या आत असतानाच न छाटलेल्या झाडांना टेकल्या. त्यातून पसरत गेलेल्या बिघाडाने सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. झाडांची वाढ आराखड्यातच धरावी लागते, नंतर देखभालवाल्यांच्या गळ्यात मारून भागत नाही.

जानेवारी 1998 मध्ये क्युबेकमध्ये तारांवर बर्फाचे थर चढले. एक मनोरा पडला की तारांचा ताण एका बाजूचा होतो आणि शेजारचा ओढला जातो. अशा रांगाच्या रांगा कोसळल्या. सरळ मार्गावरचे नेहमीचे मनोरे तारा टांगून धरतात, एकतर्फी ओढ पेलत नाहीत. म्हणून ठरावीक अंतरावर ती ओढ सोसणारा भक्कम मनोरा घालतात. वळणावरही तसाच लागतो, त्याला पोलाद आणि पाया दोन्ही जास्त. नकाशावर एखादं शेत टाळायला दिलेलं वळण खर्चात लगेच दिसतं.