ऑप्शनसाठी शेअर चाळणं

ऑप्शन स्क्रीनिंग म्हणजे कुठल्या शेअरवर कुठली ऑप्शन स्ट्रॅटेजी लावायची हे ठरवायला एफअँडओमधले (ज्यांवर फ्युचर आणि ऑप्शन चालतात ते) शेअर चाळणीतून काढणं. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला (स्ट्राइक) शेअर घेण्याचा (कॉल) किंवा विकण्याचा (पुट) हक्क, घेणारा त्यासाठी प्रीमियम देतो आणि विकणाऱ्यावर तो पाळायचं बंधन येतं. भारतात हे मुख्यतः एनएसईवर चालतं, तिथे शेअरवरचे ऑप्शन २ जुलै २००१ पासून आहेत. डिलिव्हरीला शेअर निवडताना कंपनी बघतात, कर्ज बघतात, नफा बघतात, इथे मात्र कंपनी चांगली असून भागत नाही, तिचा ऑप्शन विकत घेता आणि विकता यायला हवा.

पहिली चाळणी बाजाराची नियामक संस्था सेबीनेच लावलेली असते. शेअर टॉप ५०० मधला हवा, आणि ऑगस्ट २०२४ च्या परिपत्रकाने बाकीच्या अटीही कडक झाल्या, रोजच्या सरासरी डिलिव्हरीची अट १० कोटींवरून ३५ कोटींवर गेली आणि एका शेअरमध्ये सगळ्यांच्या मिळून किती पोझिशन चालतील ती जी मर्यादा असते, ती किमान ५०० कोटींऐवजी १५०० कोटी हवी असं ठरलं. एवढं करूनही दोनशेच्या आसपास शेअर उरतात.

त्यानंतर लिक्विडिटी, म्हणजे घेणं-विकणं किती सहज होतं ते, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. शेअर १००० रुपयांचा आहे, लॉट, म्हणजे एका ऑप्शन सौद्यातले शेअर, ७०० चा आहे असं धरा. ११०० चा कॉल बघितला तर घेणारा ३.२० देतोय आणि विकणारा ५.१० मागतोय. तुम्ही ३.२० ला विकला, २,२४० रुपये आले, आणि पाच मिनिटांत मन बदललं म्हणून परत घेतला तर ५.१० ला घ्यावा लागेल, म्हणजे शेअर जागचा हललाही नाही आणि १,३३० रुपये गेले, वर ब्रोकरेज आणि टॅक्स वेगळे. चार पायांची, म्हणजे चार वेगवेगळे ऑप्शन एकत्र घेऊन-विकून केलेली, आयर्न कॉन्डोर असेल तर हा फटका चार ठिकाणी बसतो. म्हणून एटीएमच्या (शेअरच्या आत्ताच्या भावाजवळचा स्ट्राइक) आजूबाजूच्या चारपाच स्ट्राइकना ओपन इंटरेस्ट (ओआय, अजून खुल्या असलेल्या पोझिशन) आहे का, आजचा व्हॉल्यूम आहे का आणि बिड-आस्कमधलं, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या भावातलं, अंतर किती, हे आधी बघायचं. नुसत्या ओआयवर जाऊ नका, तो जुन्या पोझिशनचा साठलेला असू शकतो.

मग येते आयव्ही (इम्प्लाइड व्होलॅटिलिटी), म्हणजे पुढे किती हालचाल होईल असं प्रीमियममधून दिसतं तो आकडा. ती नुसती बघून काही कळत नाही, त्या शेअरच्या स्वतःच्या इतिहासाशी ताडून बघावी लागते, आणि त्यासाठी दोन मापं आहेत जी लोक सर्रास एकच समजतात. समजा वर्षभरात आयव्ही सगळ्यात कमी १८ होती, सगळ्यात जास्त ५८, आणि आज २८ आहे. आयव्ही रँक, म्हणजे आजचा आकडा त्या पट्ट्यात कुठे पडतो ते, निघते २५, म्हणजे स्वस्त वाटते. पण वर्षातल्या २५० दिवसांपैकी २०० दिवस आयव्ही २८ च्या खालीच होती, तर पर्सेंटाइल होतं ८०, म्हणजे महाग. ५८ चा तो आकडा एखाद्याच गडबडीच्या दिवशी आलेला असतो आणि तो वर्षभर रँक बिघडवून ठेवतो, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच बघावेत.

स्ट्रॅटेजीप्रमाणे चाळणी उलटी होते. स्ट्रँगल (लांबच्या दोन स्ट्राइकचे कॉल आणि पुट) किंवा आयर्न कॉन्डोर विकणाऱ्याला आयव्ही चढलेली आणि शेअर एका पट्ट्यात फिरणारा हवा, स्ट्रॅडल (एकाच स्ट्राइकचा कॉल आणि पुट) घेणाऱ्याला आयव्ही उतरलेली हवी आणि काहीतरी घडायला कारण हवं, बुल कॉल स्प्रेडला (एक कॉल घेऊन वरच्या स्ट्राइकचा विकणं) आधी ट्रेंड लागतो, आणि हातातल्या शेअरवर कॉल विकणाऱ्या कव्हर्ड कॉलवाल्याकडे शेअर तर आधीच असतो, त्याला फक्त कुठल्या स्ट्राइकला विकून टाकायला चालेल ते ठरवायचं असतं.

स्क्रीनरने चढलेल्या आयव्हीची यादी दिली की पुढचा प्रश्न, ती का चढली? बहुतेक वेळा रिझल्ट जवळ असतो. एटीएम कॉल आणि पुट मिळून ४६ रुपये पडत असतील तर १००० च्या शेअरमध्ये एक्स्पायरीपर्यंत (ऑप्शन संपायच्या दिवसापर्यंत) साधारण ४.६ टक्के हालचाल बाजार धरून चाललाय, ते मागच्या रिझल्टांना शेअर किती हलला होता त्याच्याशी ताडायचं. एचडीएफसी बँक एरवी संथ, पण १७ जानेवारी २०२४ ला रिझल्टनंतर एका दिवसात ८ टक्क्यांहून जास्त पडली. आणि काही गोष्टी कुठल्याच कॅलेंडरमध्ये नसतात, डेरिव्हेटिव्हच्या हिशेबातल्या विसंगती जाहीर झाल्यावर ११ मार्च २०२५ ला इंडसइंड बँक २७ टक्के कोसळली. एफअँडओतल्या शेअरला ठरलेलं सर्किट (दिवसाची भावमर्यादा) नसतं, त्यामुळे अशी पडझड एका ठरावीक टक्क्यावर थांबत नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले होते, तेव्हा पुट विकताना खालच्या स्ट्राइकचा एक पुट विकत घेऊन तोटा बांधून ठेवणं मला तरी गरजेचं वाटतं.

रोज सकाळी बॅनची यादीही बघावी लागते. ओआय वर सांगितलेल्या एकूण पोझिशनच्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर गेला की शेअर बॅनमध्ये जातो, पोझिशन वाढवता येत नाही, फक्त कमी करता येते, आणि ८० टक्क्यांखाली आल्यावर सुटतो.

शेवटची चाळणी डिलिव्हरीची. ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या शेअर ऑप्शनची सेटलमेंट फिजिकल असते, म्हणजे खरोखर शेअर द्यावे-घ्यावे लागतात, एनएसईवर सप्टेंबर २०२५ पासून एक्स्पायरी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते आणि त्या आधीच्या काही दिवसांत विकत घेतलेल्या आयटीएम (फायद्यातल्या स्ट्राइकच्या) पोझिशनवरचं मार्जिन (अनामत) टप्प्याटप्प्याने वाढत जातं. १००० चा पुट विकलाय आणि शेअर ९६० ला बंद झाला तर ७०० शेअर तुमच्या डीमॅटमध्ये येणार आणि ७ लाख द्यावे लागणार. म्हणून पुट विकायच्या यादीतल्या प्रत्येक शेअरपुढे मी लिहून ठेवतो, एका लॉटएवढे नग या भावाला घरात आले तर चालतील का. चालणार नसतील तर तो शेअर कटाप, आयव्ही कितीही चढलेली असली तरी.