ओरिजिनल की करेक्ट? जुन्या टार्गेट रायफलींच्या भागांचा घोळ

अमेरिकेतल्या जुन्या टार्गेट रायफलींच्या खरेदी-विक्रीत 'ओरिजिनल' आणि 'करेक्ट' हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कारखान्यातून बाहेर पडताना त्याच रायफलीवर जो भाग होता, तो ओरिजिनल. करेक्ट म्हणजे त्याच कारखान्याचा, त्याच काळातला, त्याच नमुन्याचा भाग. मग तो गेल्या महिन्यात दुसऱ्या रायफलीवरून काढून बसवलेला का असेना. करेक्ट रायफल भाग जमवून तयार करता येते. ओरिजिनलपण एकदा गेले की गेले.

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्करी रायफल एम-१ गॅरंड हिच्या बाबतीत हा घोळ सर्वांत मोठा. "सगळे नंबर जुळतात" असे विक्रेता छातीठोकपणे सांगतो. जर्मन माउझर के-९८के रायफलीच्या कितीतरी भागांवर सिरीयल नंबर किंवा त्याचे शेवटचे आकडे असत, त्यामुळे तिथे या दाव्याला अर्थ आहे. गॅरंडचा सिरीयल नंबर फक्त रिसीव्हरवर, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य सांगाड्यावर असतो. बोल्टवर (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) दिसणारे 'डी२८२८७-१९एसए' म्हणजे त्या भागाच्या आरेखनाचा क्रमांक, त्याची आवृत्ती आणि स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी शस्त्रकारखान्याची अक्षरे. भाग कोणी बनवला आणि साधारण कधी, एवढेच त्यावरून कळते. तो कोणत्या रायफलीसाठी होता, हे त्यावर लिहिलेले नसते.

दुसरा समज असा की भागांची सरमिसळ झालेली रायफल कोणीतरी बिघडवलेली असते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी डेपोंनी असंख्य गॅरंड सुट्या करून दुरुस्त केल्या आणि पुन्हा जोडताना कोणता भाग कोणत्या रायफलीचा हे पाहिले नाही; लष्कराला चालणारी रायफल हवी होती. युद्धकाळातल्या ऑपरेटिंग रॉडला (गोळी सुटल्यावर बोल्ट मागे नेणारा दांडा) एका कोपऱ्यात तडा जाई, म्हणून पुढे तिथे अर्धगोल खाच घेण्यात आली आणि जुन्या रॉडनाही ती पाडली गेली. आज संग्राहक बिनखाचेच्या रॉडसाठी जास्त पैसे मोजतात. पण दस्त्यावर डेपोचा दुरुस्तीचा शिक्का आणि आत बिनखाचेचा रॉड दिसला, तर तो रॉड नंतर आला असावा अशी शंका घ्यावी. (गोळ्या झाडायच्या असतील तर खाचवाला रॉडच बरा.) माझ्या मते शिक्का जपलेली सरमिसळ रायफल ही शिक्का घासून 'करेक्ट' केलेल्या रायफलीपेक्षा प्रामाणिक.

नॅशनल मॅच गॅरंडमध्ये तर खरी परीक्षा. स्प्रिंगफील्ड आर्मरी या रायफली १९५३ पासून स्पर्धेसाठी तयार करू लागली. पुढे बॅरल (नळी), साइट (नेम धरण्याचे साधन) अशा भागांवर 'एनएम' म्हणजे नॅशनल मॅच ही अक्षरे येऊ लागली. पण असे भाग सुटेही मिळत, आणि साध्या रायफलीवर ते बसवणे कुशल गनस्मिथला अवघड नाही. म्हणून एनएम अक्षरांनी रायफल नॅशनल मॅच ठरत नाही. सरकारी विक्रीच्या मूळ कागदावर तोच सिरीयल नंबर असेल तर दाव्यात दम आहे. उलट बॅरल बदललेले आहे एवढ्यावरून ती खोटीही ठरत नाही. स्पर्धेत वापरलेल्या रायफलीचे बॅरल झिजतेच, आणि ज्याला जिंकायचे होते त्याने ते बदलले.

गॅरंडच्या आधीच्या एम-१९०३ स्प्रिंगफील्ड रायफलीची नॅशनल मॅच आवृत्ती इथे अपवाद आहे: तिच्या बोल्टवर रायफलीचा सिरीयल नंबर कोरलेला असे, तेव्हा जुळणी तपासायला काहीतरी आधार मिळतो. स्टार गेज या उपकरणाने नळीची आतली मापे तपासल्यावर तोंडापाशी ताऱ्याचा ठसा मारत. तोच ठसा नंतर मारून विकलेल्या रायफलीही बाजारात आहेत, त्यामुळे नुसत्या ताऱ्यावर भिस्त ठेवू नये.

विंचेस्टर मॉडेल ५२ या टार्गेट रायफलीवर तर साइटबद्दल वाद घालण्यातच फारसा अर्थ नाही. ही रायफल साइटशिवायही विकत मिळे आणि नेमबाज लायमन, रेडफील्ड किंवा मार्बल-गॉस या बनावटींपैकी आपल्या पसंतीची साइट बसवून घेत. तिथे त्या काळाशी जुळणारी साइट म्हणजे करेक्टच. तिला ओरिजिनल म्हणायचे तर ती याच रायफलीबरोबर घेतल्याची पावती विक्रेत्याने दाखवावी.