खनिज समतोल : कुत्र्या-मांजरांच्या आहारातील

कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, जस्त, तांबे, आयोडीन ही खनिजे पुरेशी असणे आणि त्यांचे आपसातले प्रमाणही राखलेले असणे, याला खनिज समतोल म्हणतात. घरच्या खाण्यात चुकते ते बहुधा प्रमाण. सातारा-सांगलीकडे कुत्र्याला दूधभाकरी, उरलेली आमटी आणि रविवारी मटणातला वाटा मिळतो. त्याने पोट भरते, अंगही धरते, पण हाडांचा हिशेब जमतोच असे नाही.

कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण 1:1 ते 2:1 असावे लागते. बिनहाडाच्या 100 ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस सुमारे 200 मिलिग्रॅम, तर कॅल्शियम जेमतेम 10 ते 15 मिलिग्रॅम असते. कलेजीत तफावत याहून मोठी. रक्तातले कॅल्शियम घटू लागले की गळ्यातल्या परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींचे संप्रेरक ते हाडांतून ओढून घेते. त्यामुळे रक्ततपासणीत आकडा बरा दिसतो आणि हाडे मात्र विरळ होत जातात. नुसत्या मांसावर वाढवलेले पिल्लू लंगडते, उडी मारायला कचरते, साध्या धडपडीत त्याचे हाड मोडते. मांजराच्या पिल्लांचेही तेच. अंड्याच्या टरफलात सुमारे 38 टक्के कॅल्शियम असते. 1 किलो बिनहाडाच्या मांसात त्याची 5 ग्रॅम बारीक पूड मिसळली की प्रमाण 1:1 च्या आसपास येते. शिजवलेली हाडे घालणे हा त्यावर उपाय नव्हे, त्यांच्या टोकदार फाका आतडे फाडतात.

उलटी चूकही तितकीच सर्रास होते. लॅब्राडोर, ग्रेट डेन यांच्या पिल्लांना ‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून कॅल्शियमचे सिरप पाजतात. लहान वयात जास्तीचे कॅल्शियम शोषणे आतड्याला थांबवता येत नाही, आणि सांधे व पाय वाकडे होतात. मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या (पाणी वगळून) 1.8 टक्क्यांहून जास्त कॅल्शियम नसावे. जत-आटपाडीकडच्या कारवान या सडपातळ शिकारी जातीच्या कुत्र्याच्या फासळ्या दिसतात तो त्याचा बांधा असतो. त्यासाठी टॉनिक नको. गोठ्यातले मिनरल मिक्श्चर तर मुळीच नको. ते दुभत्या जनावराच्या गरजेवर बेतलेले असते, आणि कुत्र्याच्या यकृतात तांबे साठत जाऊ शकते.

भाकरीवर वाढलेल्या कुत्र्यात जस्ताची उणीव संभवते, कारण ज्वारी-बाजरीतले फायटेट हे धान्यातले संयुग जस्त बांधून ठेवते. डोळ्यांभोवती व ओठांच्या कडेला खपल्या धरतात, पंजांच्या गाद्या जाड होतात. घरचे लोक ती खरूज समजून मलम चोळत बसतात.

मांजराचे दुखणे लघवीत दिसते. मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचे स्ट्रुव्हाइट खडे अल्कधर्मी लघवीत बनतात. म्हणून काही खाद्यांत लघवी आम्लधर्मी ठेवतात. पण आम्लता फार वाढवली तर कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यांचा धोका वाढतो. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. तो कुंथत बसला आणि थेंबही पडत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडे थकली असतील तर फॉस्फरस कमी करावा लागतो.

पाकिटावरचे आकडे ओलाव्यासकट छापलेले असतात. 80 टक्के पाणी असलेल्या ओल्या खाद्यावर कॅल्शियम 0.25 टक्के लिहिलेले असेल तर कोरड्या हिशेबाने ते 1.25 टक्के होते. ओल्या आणि सुक्या खाद्याची तुलना याच आकड्यावर करावी.