पाटीवरचा जुना भाव

मखमलाबादला माझा एक मित्र आहे. द्राक्षबागेला लागूनच त्याने पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या आहेत. हंगाम तोंडावर असताना त्याने वेबसाइटचं होस्टिंग, म्हणजे ती ठेवायची जागा, बदललं आणि सकाळी ११ वाजता डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या वहीत, नवा पत्ता भरला. त्याच्या फोनवर नवी साइट उघडली, शेजारी बसलेल्या अण्णांच्या फोनवर मात्र जुनीच. होस्टिंगवाल्यांचं उत्तर ठरलेलं: 'जगभर पसरायला ४८ तास लागतात.'

या 'पसरायला' शब्दाशी माझं भांडण आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ते होळकर पुलापर्यंत यायला वेळ लागतो, तसं काहीतरी चित्र त्यातून उभं राहतं. डीएनएसमध्ये असं काहीच वाहत येत नाही. तुम्ही केलेला बदल कुणी कुणाकडे पाठवत नाही.

संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात, आपण नावाने. पूर्वी सगळी नावं नि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. नेटवर्क वाढलं, ती फाइल पुरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. तुमच्या डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, नोंदी तुमच्या नेमसर्व्हरवर राहतात; त्या नावाबद्दल विचारलं की उत्तर देणारा संगणक तो. वेबसाइटचा पत्ता ए नोंदीत, मेल कुठे पोचवायची ते एमएक्स नोंदीत. तुमच्या वतीने पत्ता विचारायला जातो तो इंटरनेट कंपनीचा संगणक, रिझॉल्व्हर: आधी सगळ्यात वरच्या रूट सर्व्हरकडे, मग डॉट कॉमच्या सर्व्हरकडे, शेवटी तुमच्या नेमसर्व्हरकडे.

प्रत्येक वेळी एवढी पायपीट परवडणार नाही, म्हणून रिझॉल्व्हर उत्तर लक्षात ठेवतो. गावातला दुकानदार सकाळी लासलगावला फोन करून कांद्याचा भाव विचारतो आणि पाटीवर लिहून ठेवतो. दुपारी बाजारात भाव पडला तरी पाटी तीच. बाजारातून त्याला कुणी कळवत नाही. पाटी पुसून त्याने पुन्हा विचारलं, तरच नवा भाव कळणार.

पाटी कधी पुसायची हे मात्र उत्तर देणाराच सांगतो, आणि डीएनएसमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. प्रत्येक नोंदीसोबत सेकंदांत एक मुदत असते, तिला टीटीएल म्हणतात. ८६४०० म्हणजे एक दिवस, ३०० म्हणजे पाच मिनिटं. रिझॉल्व्हरने उत्तर घेतलं त्या क्षणापासून आकडा उलटा मोजला जातो. प्रत्येक रिझॉल्व्हरने वेगळ्या वेळी विचारलेलं असतं, म्हणून एकाच घरात मोबाइल डेटावर नवी साइट आणि वायफायवर जुनी. मित्र डेटावर होता, अण्णा वायफायवर.

म्हणून पत्ता बदलायच्या आदल्या दिवशी टीटीएल ३०० वर आणावा. जुनी मुदत एक दिवसाची असेल तर ही कपातही निदान एक दिवस आधी करायला हवी, कारण जुनी मुदत घेऊन गेलेले रिझॉल्व्हर तोवर परत विचारणारच नाहीत. 'असं नाव नाही' हे उत्तरही काही काळ लक्षात ठेवलं जातं. डोमेनखालचं नवं नाव (सबडोमेन) तयार करण्याआधीच ते उघडून बघण्याची घाई त्यामुळे अंगाशी येते.

४८ तासांचा आकडा अगदीच हवेतला नाही. डॉट कॉमच्या सर्व्हरवर तुमच्या नेमसर्व्हरची जी नोंद असते तिची मुदत १७२८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस, आणि ती तुमच्या हातात नसते. पण मित्राने नेमसर्व्हर बदललेच नव्हते, फक्त ए नोंद बदलली होती. तिथे हा आकडा सांगणं म्हणजे ताप कसला ते न बघता सगळ्यांना एकच गोळी देणं. मोडेम बंद-चालू करा, हिस्टरी पुसा, हे सल्लेही गंड्यादोऱ्याच्याच जातीचे: कंपनीच्या रिझॉल्व्हरची पाटी त्याने पुसली जात नाही.

दुपारी १२ वाजता मी मित्राला लॅपटॉप घरच्या वायफायला जोडून डिग ही आज्ञा चालवायला सांगितली. तिच्या उत्तरात उरलेली मुदत दिसते. त्याच्या नोंदीचा टीटीएल १४४००, चार तासांचा होता, आणि उरले होते ८१०० सेकंद. अण्णांच्या फोनवर नवी साइट सव्वादोनला उघडली.