हद्दीबाहेरची केएमटी

कोल्हापुरात हद्दवाढीचा, म्हणजे आसपासची गावं महापालिकेत घेण्याचा विषय निघाला की पाठोपाठ केएमटीचा, म्हणजे महापालिकेच्या बससेवेचा विषय निघतोच. शहरातला माणूस म्हणतो, आमच्या घरफाळ्यावर चालणारी गाडी तुम्हाला पाहिजे, मग शहरात यायला का नको? गावाकडचा म्हणतो, आम्ही तिकीट काढून बसतो, फुकट नाही. मी या दोन्ही बाजूंना राहिलो आहे. शाळेपर्यंत करवीर तालुक्यातल्या गावात, नंतर शहरात. म्हणून हे भांडण कुठून आलं ते जरा मागे जाऊन सांगावंसं वाटतं.

मिरजेहून निघालेली रेल्वे १८९१ मध्ये कोल्हापुरात आली आणि इथंच थांबली. पुढे सह्याद्री. कोकणात उतरणाऱ्या रेल्वेची चर्चा अनेक वर्षं चालू आहे, पण गगनबावडा, आंबा, फोंडा या घाटांतून आजही माणूस जातो तो रस्त्यानंच. पश्चिमेच्या तालुक्यांना तर बाजार, दवाखाना, कोर्ट, कॉलेज या सगळ्यासाठी एकच गाव, ते म्हणजे कोल्हापूर, आणि तिथं पोचायला मोटार. त्यामुळे या जिल्ह्यात मोटारीला जे महत्त्व आलं ते रेल्वेच्या काठावरच्या जिल्ह्यांत आलं नसावं.

आधी खासगी मोटारी होत्या. युद्धकाळात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या गाड्याही रस्त्यावर आल्या. माणसं भरली की गाडी सुटायची, तोवर बसून राहायचं. मुंबई राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ रोजी, आणि त्यानंतर एसटीचं जाळं या जिल्ह्यात पसरत गेलं. एसटीनं खेड्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या मते मुक्कामी गाडी. रात्री शेवटची फेरी घेऊन गाडी गावात यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात किंवा गाडीतच झोपायचे, कुणाच्या तरी घरून भाकरी-आमटी यायची आणि पहाटे तीच गाडी शहराकडं सुटायची. म्हणजे दिवसाची पहिली गाडी गावातून निघायची. शहरातून गाडी येण्याची वाट बघत कुणाला ताटकळावं लागायचं नाही.

शहराची स्वतःची बस आली १९६२ मध्ये. तेव्हा कोल्हापूरला महापालिका नव्हती. १८५४ साली स्थापन झालेली नगरपालिकाच कारभार बघत होती, आणि त्या नगरपालिकेनं स्वतःची बससेवा सुरू केली, ही गोष्ट या शहराबद्दल बरंच काही सांगते. महापालिका त्यानंतर दहा वर्षांनी, १५ डिसेंबर १९७२ रोजी झाली. १९६२ च्याच नोव्हेंबरात सागरमाळावर शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. तेव्हा तो भाग गावाबाहेरचा. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. त्याही हद्दीबाहेर. गांधीनगरची कापडपेठ हद्दीबाहेर. म्हणजे शिकायला, कामाला आणि लग्नाचा बस्ता बांधायला शहरातला माणूस शहराबाहेर जात होता, आणि दूध-भाजी घेऊन, हातात डबा घेऊन बाहेरचा माणूस आत येत होता. गाडीला हद्दीवर थांबून चालणारच नव्हतं. कळंबा, आर. के. नगर, गांधीनगर, पार कागलपर्यंत केएमटीच्या पाट्या लागल्या.

पहाटेची ती गाडी मला अजून जशीच्या तशी दिसते. मागच्या दाराशी मेथी-कोथिंबिरीची बोचकी, मधल्या वाटेत दुधाचे कॅन आणि त्यावर हात ठेवून उभे असलेले तात्या. कंडक्टरच्या हातात पत्र्याची तिकीटपेटी, तीत किमतीप्रमाणे रंगीत तिकिटांचे गठ्ठे, आणि चिमट्याची टिकटिक. बोचक्याचं तिकीट मागितलं की मावशी म्हणायची, "त्येला काय बसाय जागा दिलीस व्हय रं?" कंडक्टर गप्प पुढं सरकायचा. आम्ही पासवाले मुलं-मुली सगळ्यात मागं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली त्या पासमुळे बारावीपर्यंत पोचल्या. गाडी बंद पडली त्या आठवड्यात त्या वर्गात दिसायच्या नाहीत, कारण घरचे वडापनं पाठवायचे नाहीत.

वडाप हा शब्द बाहेरच्यांना समजावून सांगावा लागतो. जीप, ट्रॅक्स किंवा तसलीच गाडी, मिळतील तेवढी माणसं कोंबून नेणारी. कायद्यानं टप्प्याटप्प्यावर प्रवासी घेत जाण्याचा परवाना वेगळा आणि ठरवून भाड्यानं नेण्याचा वेगळा. वडापवाले दुसरा परवाना घेऊन पहिलं काम करायचे, काही जण तर परवान्याशिवायच. पण लोक त्यात बसत होते, कारण गाडी समोर उभी असायची. केएमटीची फेरी चुकली की तासभर वाट, आणि वडाप हात केला की थांबतं. बसच्या ज्या फेऱ्या भरून जायच्या, नेमक्या त्याच वेळी वडाप थांब्यावर हजर. दुपारच्या रिकाम्या फेऱ्या मात्र केएमटीच्या वाट्याला राहिल्या. पुढे घरोघर दुचाकी आली आणि उरलेसुरले नोकरदारही गेले. बसमध्ये राहिले ते विद्यार्थी, म्हातारी माणसं आणि बायका, म्हणजे ज्यांच्या हातात गाडीची किल्ली नाही ते.

तोट्याचं गणित इथूनच सुरू होतं. बसचा खर्च किलोमीटरवर मोजतात. डिझेल, टायर, पगार हे सगळं गाडी रिकामी असो वा भरलेली, तेवढंच. २०१३ च्या जानेवारीत केंद्रानं घाऊक डिझेल खरेदी करणाऱ्यांसाठी दर वेगळा आणि चढा केला, त्याचा फटका देशभरच्या परिवहन सेवांना बसला. मग २०२० चा लॉकडाऊन. १७ मार्च २०२३ पासून राज्य सरकारनं एसटीत महिलांना अर्धं तिकीट केलं. योजना चांगली, माझ्या आईनं तिचा पुरेपूर लाभ घेतला. पण ती एसटीपुरती होती. कागलच्या रस्त्यावर ज्या बाईला दोन्ही गाड्या दिसतात, ती कुठल्या गाडीत चढणार हे सांगायला नको.

आणि या सगळ्याच्या वर हद्द. कोल्हापूरचं क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर. नगरपालिकेची महापालिका झाली तरी हद्द होती तीच राहिली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती, पण हद्दीला लागून वाढलेल्या उपनगरांतली माणसं त्यात धरलेली नाहीत. २०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी ४२ गावांच्या विकासाचं नियोजन बघणारं प्राधिकरण आलं. गावांची भीती खोटी नाही. घरफाळा वाढेल, शेतावर आरक्षण पडेल, आणि सुविधा मिळायला वर्षं जातील असं त्यांना वाटतं. शहराची तक्रारही खोटी नाही, बसच्या तोट्याचा भार महापालिकेच्या तिजोरीवर पडतो आणि त्या तिजोरीत पाचगाव-उचगावचा कर येत नाही. मला पटत नाही ते एवढंच की या भांडणात बस हे हत्यार व्हावं. फेरी बंद करण्याची भाषा झाली की धास्ती सरपंचाला वाटत नाही, त्याच्या दारात चारचाकी असते. धास्ती घेते ती अकरावीतली पोरगी.

पावसाळ्यात तर बसची किंमत वेगळीच कळते. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकू लागली की लोक आधी विचारतात, कुठली गाडी बंद झाली? मांडुकलीजवळ पाणी आलं म्हणजे गगनबावडा तुटला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि अख्खं कोल्हापूर काही दिवस बेट झालं.

आता चर्चा आहे इलेक्ट्रिक बसची. केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, देशात १०,००० गाड्यांची, आणि कोल्हापूरच्या वाट्याला त्यातल्या १०० आल्या. या योजनेत गाडी ठेकेदाराची असते आणि त्याला किलोमीटरमागे ठरलेले पैसे मिळतात, प्रवासी किती बसले याचा त्याच्याशी संबंध नाही. मार्ग आणि वेळापत्रक ठरवायचं काम मात्र पालिकेचं. चार्जिंग डेपोत असल्यामुळं गाडी परत कधी येणार याचा हिशेब आधी होतो, आणि असा हिशेब झाला की लांबच्या टोकाची पहाटेची फेरी सगळ्यात आधी कापली जाते.

म्हणून माझी मागणी आहे की निदान चार-पाच मार्गांवर गाडी रात्री हद्दीबाहेरच्या टोकाला मुक्कामी ठेवावी, जशी एसटी ठेवायची, आणि पहिली फेरी तिथून सोडावी. त्यासाठी चार्जर त्या टोकाला बसवावा लागेल. जागा ग्रामपंचायतीनं द्यावी, वीजजोडणीचा खर्च प्राधिकरणानं उचलावा. हद्दवाढ होईल तेव्हा होईल.