तोफगोळ्याच्या नाकातला रेडिओ

विमानविरोधी तोफेचा गोळा विमानाला थेट क्वचितच लागतो. तो जवळपास फुटला, की त्याच्या ठिकऱ्या काम करतात. पण फुटायचं नेमकं कधी? दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ही वेळ डागण्याआधीच फ्यूजवर, म्हणजे गोळा फोडणाऱ्या कळीवर, लावावी लागे. सेकंदाला ५०० मीटर वेगाने जाणारा गोळा दशांश सेकंद जरी चुकला, तरी ५० मीटर मागेपुढे फुटे.

विमान जवळ आल्याचं गोळ्यालाच कळलं तर? ब्रिटिश संशोधकांनी आखलेलं असं सर्किट १९४० मध्ये टिझार्ड मिशन या ब्रिटिश वैज्ञानिक शिष्टमंडळाबरोबर अमेरिकेत पोचलं आणि अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मर्ल टूव्ह यांच्या गटाने ते तडीस नेलं.

गोळ्याच्या नाकातला इवलासा रेडिओ सतत लहरी सोडतो. गोळ्याचं पोलादी अंग हाच त्याचा अँटेना. विमानावर आपटून परतणाऱ्या लहरीची कंपनसंख्या डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे दोघं एकमेकांजवळ येत असल्यामुळे, किंचित बदललेली असते. तंबोऱ्याची जोड नीट लागली नसेल तर आवाज डोलायला लागतो ना, तसंच इथे दोन लहरी मिसळून फरकाचा एक सूर उमटतो. २० कोटी हर्ट्‌झची लहर आणि ६०० मीटर प्रति सेकंद हा जवळ येण्याचा वेग धरला, तर तो भरतो सुमारे ८०० हर्ट्‌झ, म्हणजे कानाला सहज ऐकू येईल असा! विमान जवळ येईल तसा हा सूर जोर धरतो आणि पुरेसा मोठा झाला की स्फोट घडवतो.

खरी कसोटी होती ती हे सगळं तोफेतून सुखरूप बाहेर पडण्याची. डागताना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २०,००० पट धक्का बसतो. त्या काळच्या रेडिओचा प्राण असलेली १० ग्रॅमची काचेची व्हॅक्यूम ट्यूब (निर्वात नळी) क्षणभर जणू २०० किलोची होते. या ट्यूब श्रवणयंत्रातल्या चिमुकल्या ट्यूबवरून घडवल्या होत्या. मला सगळ्यात देखणी वाटते ती बॅटरी. तिच्यातलं द्रावण काचेच्या कुपीत वेगळं ठेवलेलं असे. डागण्याच्या धक्क्याने कुपी फुटायची, गोळ्याच्या गरगर फिरण्याने द्रावण पट्ट्यांमध्ये पसरायचं आणि वीज सुरू व्हायची. जो धक्का जीवघेणा, त्यालाच कामाला लावलं.

५ जानेवारी १९४३ रोजी पॅसिफिकमध्ये ‘हेलेना’ या अमेरिकी युद्धनौकेने असे गोळे डागून जपानी विमान पाडलं. तरी बराच काळ ते शत्रूच्या जमिनीवर वापरायला बंदी होती, कारण न फुटलेला एखादा गोळा हाती लागला असता तर गुपित उघडं पडलं असतं. समुद्रात पडलेला गोळा मात्र तळाशीच जाई.